छाती वाढवण्याचं ऑपरेशन: नागपूरला जाण्याआधी काय माहीत असावं

छाती वाढवण्याच्या ऑपरेशनची चौकशी करणाऱ्या बाईचे पहिले प्रश्न साधारण ठरलेले असतात. खर्च किती, डाग दिसेल का, घरी किती दिवसांनी सोडतात. आत बसवलेली वस्तू किती वर्षं टिकते हे फार थोड्या जणी विचारतात, आणि सगळा हिशेब तर त्याच उत्तरावर उभा आहे. इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवतात ती भरलेली पिशवी, जन्मभराचं नसतं. अमेरिकेतल्या एफडीए या औषध व उपकरण नियंत्रक संस्थेच्या माहितीप्रमाणे सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ते ८ ते १० वर्षांतच काढावं लागतं. काहींचं वीस वर्षंही नीट राहतं, पण त्यावर भरवसा ठेवून निघू नये. पंचविशीत ऑपरेशन करणाऱ्या मुलीनं आयुष्यात आणखी एक, कदाचित दोन ऑपरेशनं धरूनच चालावं. ती विदर्भातल्या धारणी किंवा एटापल्लीसारख्या दूरच्या गावची असेल तर दर वेळी पुन्हा मोठ्या शहराची वारी, सोबत घरचं एक माणूस, बुडालेली मजुरी आणि नवं बिल.

हे सगळं समजूनही कुणाला ऑपरेशन करावंसं वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे हा विषय घरात काढायचीच चोरी असते. त्यामुळे बाया गुपचूप चौकशी करतात, आणि गुपचूप चौकशीत चुकीच्या माणसाच्या हाती सापडण्याची भीती जास्त. घरातल्या किंवा मैत्रिणींतल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगाच. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे त्या माणसाशिवाय निभत नाही.

या ऑपरेशननं काय होत नाही

दोन-तीन लेकरांना अंगावर पाजल्यावर स्तन ओघळतात. इम्प्लांट घातलं की ते पुन्हा वर उचलले जातील असं अनेकींना वाटतं. तसं होत नाही. इम्प्लांट आकार भरतं, कातडी उचलत नाही. आरशासमोर उभं राहून स्तनाखालची घडी कुठे आहे ते पाहा. स्तनाग्र त्या घडीच्या खाली गेलं असेल तर नुसत्या इम्प्लांटनं ओझं वाढून ओघळ अधिकच दिसू शकतो. तिथं जादा कातडी काढून स्तन वर घेण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं. त्याचे व्रण मोठे असतात आणि खर्चही वेगळा.

बाजारात मिळणारी मलमं, मालिशची तेलं, गोळ्या आणि पंप यांनी स्तन वाढत नाहीत. काही मलमांत न सांगता स्टेरॉइड किंवा हार्मोन मिसळलेले सापडतात, म्हणजे पैसे जाऊन वर दुखणं. 'ऑपरेशन नको, नुसतं इंजेक्शन देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. स्तनात पातळ सिलिकॉन टोचलं की ते आत पसरतं, गाठी होतात, कातडी सडू शकते, आणि पुढे ते पूर्णपणे काढताही येत नाही. स्वतःच्या पोटामांडीची चरबी काढून स्तनात भरण्याची पद्धत खरी आहे आणि प्लास्टिक सर्जन ती करतात. पण वाढ थोडीच मिळते, भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेतं, आणि अंगावर मुळात चरबी नसलेल्या बाईला तिचा उपयोग नाही.

दोन्ही स्तनांत थोडा फरक प्रत्येकीलाच असतो. फरक खूप असेल, किंवा एका बाजूची छातीच जन्मापासून सपाट असेल, तर त्या बाजूचा स्नायूही कमी असण्याची शक्यता असते. अशी बाब वेगळी तपासावी लागते. मोजणीही प्रत्येक बाजूची स्वतंत्र होते.

आत काय बसवतात

इम्प्लांटचं बाहेरचं आवरण नेहमी सिलिकॉनचं असतं. आत सिलिकॉनचं घट्ट जेल किंवा सलाइनचं पाणी असतं. पाण्याचं फुटलं तर काही तासांत किंवा दिवसांत ते बसतं आणि बाईला कळतं, पाणी शरीरात जिरून जातं. जेल हाताला खऱ्या स्तनासारखं लागतं, म्हणून बहुतेक जणी तेच घेतात. पण ते फुटलं तर बाहेरून महिनोन्महिने काहीच कळत नाही. एफडीएनं सलाइनसाठी १८ आणि जेलसाठी २२ वर्षं ही वयाची खालची मर्यादा ठेवली आहे. स्तनांची वाढ पुरी होऊ द्यावी आणि निर्णयही पक्का व्हावा हे त्यामागचं कारण आपल्यालाही लागू पडतं.

जेलचं इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी बसवलं. पुढे तक्रारी वाढल्या आणि १९९२ मध्ये एफडीएनं सौंदर्यासाठी जेलचा वापर थांबवला. तो २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला. सगळ्यात मोठा धडा मात्र फ्रान्सचा आहे. तिथल्या 'पीआयपी' कंपनीनं वैद्यकीय दर्जाऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरून इम्प्लांट अनेक देशांत विकले. २०१० मध्ये ते उघडकीला आलं आणि कंपनीच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवास झाला. ज्या बायांकडे आपल्या इम्प्लांटचा कागद नव्हता, त्यांना आपल्या अंगात काय आहे तेच सांगता येईना.

आवरण गुळगुळीत असतं किंवा खरखरीत. खरखरीत आवरणाभोवती एक दुर्मीळ कर्करोग होतो असं आढळलं. तो स्तनाच्या पेशींचा नसून प्रतिकारशक्तीच्या पेशींचा असतो, आणि त्याला एएलसीएल म्हणतात. म्हणूनच ॲलर्गन कंपनीची 'बायोसेल' ही खरखरीत जात २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली. डॉक्टरांनी खरखरीत सुचवलं तर 'गुळगुळीत का नको?' हे विचारा आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हो म्हणू नका.

माप कसं ठरतं

इम्प्लांटचं माप सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये सांगतात. ते तुमच्या आवडीआधी तुमच्या छातीच्या रुंदीवरून ठरतं. सर्जन स्तनाच्या तळाची रुंदी मोजतात, आणि इम्प्लांट त्यापेक्षा रुंद घेत नाहीत. रुंद घेतलं तर ते काखेकडे सरकतं किंवा मधली जागा बुजवून टाकतं. कातडी किती ताणते तेही पाहतात. ब्राचं अमुक माप नक्की येईल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा कप वेगळा असतो.

अंदाज घरीही घेता येतो. मोजपात्रानं ३०० मिली तांदूळ मोजून पातळ पिशवीत भरा, अशा दोन पिशव्या करा, आणि सैल ब्रामध्ये घालून दोन दिवस घरकाम करा. ३०० सीसीची जेलची जोडी म्हणजे दोन्ही मिळून अंगावर साधारण ६०० ग्रॅम. वाकून झाडताना, निंदताना, सायकल चालवताना ते वजन कसं वाटतं ते कळतं. अनेकजणी या चाचणीनंतर माप कमी करून घेतात. माप जितकं मोठं तितकी कातडी जास्त ताणते, पातळ होते, आणि पुढचा त्रासही वाढतो.

इम्प्लांट दुधाच्या ग्रंथींच्या मागे किंवा छातीच्या स्नायूच्या मागे ठेवतात. स्तनाचा वरचा भाग चिमटीत धरून दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी आली तर स्नायूखाली ठेवणं बरं, नाहीतर कडा आणि सुरकुत्या कातडीवर दिसतात. पण जिला जन्मभर हातानं जड काम करायचं आहे, तिनं एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. इम्प्लांट स्नायूखाली असलं की जोर लावताना स्तन वर-बाजूला ओढल्यासारखा दिसू शकतो, आणि सुरुवातीचं दुखणंही जास्त असतं. पाण्याचं गुंड (हंडा) उचलणं, विहिरीचं पाणी ओढणं, पोती हलवणं ही तुमची रोजची कामं असतील तर ती सर्जनला सांगा. शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या बाईसाठी निवडलेली जागा तुम्हाला सोयीची असेलच असं नाही.

चीर साधारण तीन ते पाच सेंटिमीटरची असते. ती स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं किंवा काखेत घेतात. ज्यांना अजून मूल व्हायचं आहे त्यांनी घडीतली चीर मागावी. वर्तुळाजवळच्या चिरेत दुधाच्या नळ्या आणि नसा कापल्या जाण्याची शक्यता जास्त असते.

विदर्भातल्या बाईनं तपासून घ्यायच्या गोष्टी

पहिली सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, अमरावती या पट्ट्यात हा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो, आणि अनेकींना आपण वाहक आहोत, म्हणजे आजार नसला तरी त्याचा दोष अंगात आहे, हे ठाऊक नसतं. सिकलसेलच्या रुग्णाला ऑपरेशनच्या वेळी शरीरातलं पाणी कमी पडलं, अंग गार पडलं किंवा ऑक्सिजन कमी झाला तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन नसांत अडकतात. त्यातून तीव्र दुखणी, फुप्फुसाचा त्रास, प्रसंगी जिवावरचं संकट येतं. सौंदर्यासाठी ही जोखीम घ्यावी असं आम्हाला वाटत नाही. नुसत्या वाहकाला भूल सहसा सोसते, पण भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असायला हवं. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी करून रुग्ण की वाहक ते पक्कं कळतं. घरात कुणालाही सिकलसेल असेल तर ही तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

दुसरी हिमोग्लोबिन. आठ-नऊवर असताना असं ऑपरेशन कशाला करायचं? घाईचं तर ते मुळीच नाही. लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नेमानं घ्या, जंताची गोळी घ्या, रक्त वाढू द्या, मग बघा.

तिसरी खर्रा. डॉक्टर 'स्मोकिंग करता का?' विचारतात, बाई खरेपणानं नाही म्हणते, आणि खर्ऱ्याचं राहूनच जातं. तंबाखू ओढा, चघळा किंवा दातांना लावा, निकोटिन रक्तात जातंच. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडेला रक्त पोचत नाही, टाके उसवतात, स्तनाग्राची कातडी काळी पडून मरू शकते. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे खर्रा, नस, गुल, बिडी सगळं बंद. शिवाय वर्षानुवर्षं खर्रा खाल्ल्यानं तोंड नीट उघडत नाही. पूर्ण भुलीत श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते. आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर हे भूलतज्ज्ञाला आधीच दाखवा. टेबलावर झोपवल्यावर कळलं तर धोका मोठा आहे.

माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. त्या मनानं बंद करू नका, नाहीतर दुसरीच अडचण उभी राहील. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि वैदूकडच्या मुळ्या-काढ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साधारण दोन आठवडे आधी काय थांबवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हृदयाच्या आजारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. बाळाला अंगावर पाजणं थांबून तीन ते सहा महिने झालेले असावेत. स्तनात गाठ, स्राव किंवा घरात आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्याची तपासणी. चाळिशीपुढे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करूनच पुढे जायचं.

ऑपरेशन कोण करणार

प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच., डीएनबी किंवा डीआरएनबी ही पदवी हवी. 'कॉस्मेटॉलॉजी'चा डिप्लोमा म्हणजे ही पदवी नव्हे. नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तपासता येतो. विदर्भात या शाखेची परंपरा जुनी आहे. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केलेला प्लास्टिक सर्जरी विभाग देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी आहे. तेव्हा योग्य माणूस मिळत नाही म्हणून कुठल्या तरी ब्युटी क्लिनिकमध्ये जाण्याची वेळ येत नाही.

भूल कोण देणार, रात्रभर डॉक्टर हजर असतात का, रक्त लागलं तर पेढी किती जवळ, हे विचारा. ऑपरेशन एक ते दोन तासांचं असतं. आधी सहा तास खाणं बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्यानं वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दवाखाना दुसऱ्या दिवशी सोडत असेल तरी गावाकडची एसटी धरू नका. रक्त साचण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि तेव्हा तासाभरात ऑपरेशन थिएटरला पोचता आलं पाहिजे. पहिली पट्टी बदलेपर्यंत, निदान चार-पाच दिवस, शहरातच नातेवाइकाकडे राहा.

महिना कोणता निवडायचा

ऑपरेशननंतर दोन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालणं, फळीवरचा डबा काढणं, स्वतःची वेणी घालणं बंद. सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे भरलेलं गुंड, पोतं, कडेवरचं लेकरू यातलं काहीच नाही. पऱ्हाटीचा वेचा, रोवणा, सोंगणी, फवारणीचा पंप पाठीवर घेणं हे सगळं त्यात आलंच. ज्या घरात बाईच्या हातावर काम चालतं तिथं हे सहा आठवडे सगळ्यात अवघड जातात, आणि तिसऱ्याच आठवड्यात 'आता बरं वाटतं' म्हणून वावरात गेलेल्या बाईला आत रक्तस्राव होऊ शकतो किंवा इम्प्लांट सरकू शकतं.

कापसाच्या भागात शेवटचा वेचा झाल्यावर, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, हा काळ सोयीचा. धानाच्या भागात मळणी आटोपल्यावर. एप्रिल-मे टाळावा. ४५ अंशांत घट्ट आधाराची ब्रा चोवीस तास, चार ते सहा आठवडे घालायची, घामानं टाके ओले राहायचे आणि त्यात लाइट गेलेली असायची. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणाऱ्या गावांनी तोही काळ धरू नये.

पाठीवर, उशीनं डोकं-छाती थोडी वर करून झोपायचं. पहिले काही आठवडे स्तन वर चढलेले आणि ताठ दिसतात. बायका घाबरतात. ते हळूहळू खाली बसतात, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो.

काय बिघडतं आणि का

पहिल्या काही दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, ताठ झाली, ठणकायला लागली तर आत रक्त साचतंय. त्याच रात्री दवाखाना गाठायचा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, लाली, पू किंवा टाक्यांतून पाणी म्हणजे जंतुसंसर्ग. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो, म्हणून तिथं बसलेले जंतू नुसत्या औषधानं अनेकदा जात नाहीत. मग इम्प्लांट काढून काही महिने थांबून पुन्हा बसवावं लागतं. पोटरी दुखून सुजणं किंवा धाप लागणं म्हणजे रक्ताच्या गाठीची शंका, त्यासाठी १०८ बोलवा.

सगळ्यात जास्त आढळणारा उशिराचा त्रास म्हणजे इम्प्लांटभोवतीचा पडदा आवळणं. परक्या वस्तूभोवती शरीर पातळ पडदा तयार करतं, हे प्रत्येकीत होतं आणि ते स्वाभाविकच आहे. काहींत हा पडदा जाड होऊन इम्प्लांट आवळत नेतो. साचलेलं रक्त किंवा इम्प्लांटवर चिकटलेले थोडे जंतू हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं, म्हणूनच थिएटरच्या स्वच्छतेत तडजोड नको. डॉक्टर याचे चार टप्पे धरतात. पहिल्यात स्तन मऊ, दुसऱ्यात हाताला थोडा घट्ट, तिसऱ्यात आकार बिघडलेला दिसतो, चौथ्यात कडक आणि दुखरा. तिसऱ्या-चौथ्यात पुन्हा ऑपरेशन लागतं. मालिश करून तो मोडायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका.

जेल फुटलेलं आपोआप कळत नाही, म्हणून ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. स्तनाग्राची संवेदना काहींची कमी होते, काहींची वाढते, बहुधा महिन्यांत परत येते, पण कधीकधी कायमची जाते. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशी लक्षणं काहीजणी सांगतात. त्यासाठी एकच अशी तपासणी नाही, पण इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं. डॉक्टरांनी ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. आणि एएलसीएलचं पहिलं लक्षण असतं बऱ्याच वर्षांनी एका बाजूला विनाकारण येणारी सूज. ती दिसली की थांबायचं नाही. वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीचा पडदा काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

इम्प्लांटमुळे नेहमीचा स्तनाचा कर्करोग वाढतो असं आढळलेलं नाही. फक्त मॅमोग्राफीत तो थोडा झाकला जातो, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगा. ते इम्प्लांट मागे सारून जादा फोटो घेतात. अंगावर पाजणं बहुतेकींना जमतं, दूध कमी येऊ शकतं.

पैसे आणि कागद

विमा आणि सरकारी आरोग्य योजना सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे देत नाहीत. विमा नियमांत अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र वेगळी धरली आहे. अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात इम्प्लांटची जोडी कंपनीच्या नावासह, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, तपासण्या आणि जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. गुंतागुंत झाली तर दुसऱ्या ऑपरेशनचं कोण काय भरणार, हेही लिहून मागा. कंपनीची हमी असेल तर ती सहसा फुटलेल्या इम्प्लांटपुरती असते, सर्जनची फी आणि थिएटर त्यात धरलेलं आहेच असं समजू नका. पुढच्या ऑपरेशनची सोय न ठेवता वावर गहाण ठेवून किंवा हप्त्यांवर हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इम्प्लांटच्या खोक्यातून मिळणारं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप, आवरणाचा प्रकार, बॅच आणि अनुक्रमांक असतो. आयात केलेल्या मालावर परवान्याचा क्रमांकही असतो. दोन्ही बाजूंचे स्टिकर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कागद आधार कार्डाबरोबर ठेवा.

गावाकडे परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवा. स्तनात सूज किंवा गाठ दिसली की सुई घालून पाणी काढून पाहण्याची सवय अनेक ठिकाणी असते. इम्प्लांट असलेल्या स्तनात सोनोग्राफीच्या मदतीशिवाय सुई घालू द्यायची नाही, एका टोचण्यानंही आवरण फुटू शकतं. दाखवायला लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्या, पण सुई हातात घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट गेलीच पाहिजे.